न हललेला फोटो

१

दिपालीचा एकही न हललेला फोटो आमच्या घरात नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये मी घामाघूम, पण स्पष्ट दिसतो. माझ्या शेजारी मुंडावळ्यांमागे एक पुसट चेहरा आहे, कुणाकडे तरी वळत असलेला. तिला थांबणं जमायचंच नाही. बोलताना हात चालायचे, बसली की पाय हलायचे, झोपेतसुद्धा सारखी कूस बदलायची. ती ब्लाउज शिवायची, त्यामुळे घरात दिवसभर मशीनची खडखड आणि त्या खडखडीवर तिची बडबड. माझं नगरजवळ केडगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारी. दिवसभर बंद पडलेल्या वस्तूंशी झटापट करून घरी आलं की मशीनचा आवाज ऐकून मला बरं वाटायचं.

फोटोचा नाद आम्हा दोघांना एकदमच लागला. सहादेव सर मूळचे पारनेरचे, चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सुट्टीच्या दिवशी फोटो काढायला हिंडणाऱ्यांचा एक गट जमवला होता. नेमाने येणारे आम्ही चौघंच. सर, बालवाडीच्या सत्यशीलाताई, मी आणि दिपाली. कधी अकोले तालुक्यातली भातखाचरं, कधी पारनेरचा बाजार. सकाळी निघायचं, वाटेत मिसळ खायची, ऊन चढेपर्यंत फोटो काढायचे आणि घरी येऊन एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची.

त्या रविवारी सरांनी भिंगारच्या बाजूचं गोऱ्यांचं कब्रस्तान ठरवलं. इंग्रजांच्या पलटणी नगरला असताना त्यांची माणसं तिथे पुरली होती. राणीच्या काळातल्या कबरी, कोरीव दगड, लोखंडी कठडे. सर बरेच दिवस परवानगीच्या मागे होते.

"मला भीती वाटत नाही हां," गाडीवर मागे बसलेली दिपाली माझ्या कानात म्हणाली. "मेलेली माणसं कुणाला काय करणार? बिचारी पडून असतील."

२

फेब्रुवारी सरत आला होता. निंबाची पानगळ चालू होती आणि सकाळपासून वारं सुटलं होतं. कब्रस्तानच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा पानं पायाशी लोळत होती, वाळलेलं गवत एका अंगाला निजत होतं. जागा मी समजलो होतो त्यापेक्षा मोठी निघाली. काळ्या दगडाचे चौथरे, त्यांवर मोडक्या हातांच्या पऱ्या, तिरपे झालेले क्रूस. दिपाली एकेका कबरीवरची अक्षरं मोठ्याने वाचत सुटली. बहुतेक सगळे तरुण सोल्जर, तापाने नाहीतर पटकीने गेलेले. काही कबरी इतक्या लहान होत्या की तिथे ती वाचायची थांबली आणि पुढे गेली.

आत एक म्हातारी खराट्याने पानं झाडत होती. बनुबाई तिचं नाव. देखरेखीला तीच असायची. सरांनी कागद दाखवला, तिने न बघताच मान हलवली.

"काडा काय काडायचं ते. फकस्त बसू नका कुटं."

"का हो मावशी, साप आहेत का?" सत्यशीलाताईंनी विचारलं.

"साप समदीकडंच हायेत."

"मग बसायचं का नाही?"

"आमी न्हाई बसत." एवढंच बोलून ती परत झाडायला लागली.

तिच्याशी बोलताना मला काहीतरी खटकत होतं, काय ते थोड्या वेळाने लक्षात आलं. ती एका जागी उभी राहत नव्हती. बोलतानाही या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. मला वाटलं गुडघे दुखत असतील. या वयाच्या बायकांचे दुखतातच.

३

मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात एक बाक होता. दगडी, कबरींइतकाच जुना. त्याच्यामागे पुरुषभर उंचीचं गवत आणि बाजूला एक नाव पुसलेला चौथरा. सरांना ती जागा फार आवडली. त्यांनी ट्रायपॉड लावला आणि लेन्सवर काळी काच चढवली. ही काच लावली की उजेड कमी होतो आणि भर दिवसासुद्धा शटर मिनिटभर उघडं ठेवता येतं. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत धुरासारखं पुसट होतं, जे थांबलेलं असतं तेच उरतं. सरांना हलणारं गवत हवं होतं. दगड स्पष्ट आणि भोवती गवताचा धूर.

पहिला फोटो आला तेव्हा सर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"अंगद, वारं पडलं होतं का रे?"

वारं पडलं नव्हतं. माझी टोपी मी हाताने धरून उभा होतो. पण फोटोत बाकामागचं गवत काडी न काडी स्पष्ट दिसत होतं, सुईने कोरल्यासारखं. कडेचं गवत मात्र धूर झालेलं.

मी मान वर करून कोपऱ्याकडे पाहिलं. बाकामागचं गवत खरंच हलत नव्हतं. त्याच्या अलीकडचं वाऱ्याने लोळत होतं आणि ते मात्र सरळ उभं. भिंतीचा आडोसा असेल, मी म्हणालो. दोन भिंतींच्या बेचक्यात वारं शिरत नाही, आमच्या दुकानाच्या बोळातही असंच होतं. सरांना ते पटलं. मलाही पटलं, कारण मीच बोललो होतो.

"मग दिपालीला बसवा तिथं," सत्यशीलाताई हसून म्हणाल्या. "वारं नाही तिथं, निदान ओढणी तरी नीट येईल."

"मी नाही हलणार. लावा पैज," म्हणत दिपाली गेली आणि बाकावर बसली.

मला बनुबाईचं बोलणं आठवलं. मी मागे वळून पाहिलं, ती लांब फाटकाशी होती. एवढ्याशा गोष्टीसाठी काय आरडाओरडा करायचा, म्हणून मी गप्प बसलो.

सरांनी शटर उघडलं. मी दिपालीकडेच बघत होतो, म्हणून मला नक्की माहीत आहे. ती हलली. आधी नाक खाजवलं. मग माझ्याकडे तोंड करून हसली आणि म्हणाली, "अहो, इथं काहीच ऐकू येत नाही. किती छान." मग पाय हलवायला लागली. सत्यशीलाताईंनी कपाळावर हात मारला. सर हसत होते. नंतर ती हळूहळू शांत झाली आणि समोर बघत बसली. शटर मिटल्याचा आवाज आला.

"झालं," सर म्हणाले. "आता बघू काय भूत आलंय."

फोटोत दिपाली होती. स्पष्ट. पापण्यांचे केस मोजता यावेत इतकी स्पष्ट. ओठ मिटलेले, हात मांडीवर, नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला. नाक खाजवणं नाही, हसणं नाही, हलते पाय नाहीत.

"अरे वा," सत्यशीलाताई म्हणाल्या, "जिंकली की."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ती बोलली होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दिपाली अजून बाकावरच होती. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला तिने माझ्याकडे बघितलं. रस्त्यावर अनोळखी माणसाने पत्ता विचारल्यावर बघावं तशी तिची नजर होती. मग ती उठून आली.

परत जाताना बनुबाई फाटक लावत होती. तिने दिपालीकडे पाहिलं आणि एकदम दोन पावलं मागे सरली.

"बसल्ती व्हय?"

"जरा वेळ," मी म्हणालो.

ती म्हातारी नुसती या पायावरून त्या पायावर होत राहिली.

४

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना आनंदच झाला. दिपाली शांत झाली होती. शेजारच्या रुपालीवहिनी म्हणाल्या, ध्यानबिन सुरू केलं का, चेहरा किती निवांत दिसतोय. मी तिला डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी रक्तदाब घेतला, म्हणाले सगळं उत्तम आहे, मनावरचा ताण कमी झालेला दिसतो. मी मान डोलावली.

दुकानातून घरी यायचो तर मशीन गप्प. ती मशीनसमोर बसलेली असायची, सुई कापडात, पाय पायडलवर, आणि पाय थांबलेला. विचारलं तर म्हणायची, "करते ना. काय घाई आहे?" स्वयंपाक व्हायचा. हाक मारली की ओ द्यायची. पण घरातले बारीकसारीक आवाज एकेक करून गेले. बांगड्या वाजेनात. गादीवर कूस बदलताना होणारी करकर ऐकू येईना. मी रात्री जागा राहून ती करकर ऐकायचा प्रयत्न करायचो आणि पहाटे कधीतरी डोळा लागायचा. आता मीच सारखा कूस बदलत होतो.

एका दुपारी जेवायला घरी आलो. ऊन तापलं होतं. ती खोलीत पंख्याखाली बसली होती, केस मोकळे सोडून, नुकतेच धुतलेले. मी पेपर उघडला तर तो पंख्याच्या वाऱ्याने हातातून निसटला आणि तिच्या मांडीशी जाऊन पडला. पडल्यावर तो फडफडला नाही. मी तिच्या केसांकडे बघितलं.

केस हलत नव्हते. एकही बट नाही. ओढणीचं टोक खाटेवरून खाली लोंबत होतं, तेही हलत नव्हतं.

माझा धंदाच पंख्यांचा. मी आधी पंख्यावर संशय घेतला. त्याच दुपारी तो खाली उतरवला, कपॅसिटर बदलला, पाती पुसली, परत चढवला. खोलीभर वारं. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर आपटायला लागलं. मी स्टुलावरून खाली उतरलो आणि तिच्या जवळ गेलो. ओले केस असतील, जड असतील, असं मनाशी म्हणत मी हात लावला. कोरडे होते.

"दिपाली, गरम होत नाही का तुला?"

"नाही ओ. इथं बरंय."

"इथं म्हणजे?"

ती माझ्या थोडं बाजूला बघत राहिली.

५

मी सहादेव सरांना फोन केला. त्यांनी उचलल्या उचलल्या विचारलं, "ती कशी आहे?" मी काही सांगण्याआधीच.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सरांनी तो फोटो कुणालाच पाठवला नव्हता. कॉम्प्युटरवर मला दाखवला. मी म्हणालो, सर, त्या वेळी ती बोलली होती ना? ते म्हणाले, बोलली. मलाही ऐकू आलं. मग फोटोत का नाही, मी विचारलं.

"मी त्याच्यावर फार विचार केला," सर म्हणाले. "हलणारी वस्तू पुसट होते. पार भरभर हलली आणि पुढे बराच वेळ थांबली, तर हललेलं कधीकधी उमटतच नाही. नुसतं थांबलेलं तेवढं उमटतं. तशी ती नंतर शांत बसली होती. हे उत्तर बरोबर असू शकतं."

"मग बरोबरच असेल."

"हो. पण अंगद, ती बाकावरून उठल्यावर मी त्याच जागेचा आणखी एक फोटो घेतला होता. रिकाम्या बाकाचा. तो मी पुसून टाकला."

"काय होतं त्यात?"

सर उठले आणि खिडकी लावून आले. वारं नव्हतं, तरी लावली.

"मला नीट बघवलं नाही रे," ते म्हणाले. "तू तिला जरा बाहेर ने. माणसांत ने. माहेरी ने."

मी परत बनुबाईकडे गेलो नाही, असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ती फाटकाच्या बाहेरच भेटली. मी विचारलं, मावशी, काय करू? ती म्हणाली, "मला काय ठावं न्हाई बाबा. माजी थोरली भन बसली हुती, पोर असताना. आमी तिला लई हालवलं." एवढं सांगून ती खराटा घेऊन आत गेली. मला पुढचं विचारायचं धाडस झालं नाही.

६

दिपालीचं माहेर कोल्हारला. सासूबाई, लंकाबाई, घरी एकट्याच असतात. घर प्रवरेच्या अंगाला, शेजारी गोठा, मागे ऊस. बाई मोठ्या उत्साही. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात आणि रानात त्यांची पळापळ. मी दिपालीला तिथे सोडलं आणि म्हणालो, आई, हिला एका जागी बसू देऊ नका. कामाला लावा, हिंडवा, रात्री जवळ घेऊन झोपा.

"बापू, तुमी काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "माजी लेक हाय, मी बघते."

मी रोज फोन करायचो. पहिले काही दिवस त्या बरंच बोलायच्या. दिपी आज गोठ्यात आली, दिपीने भाकरी थापली. फोनच्या मागे म्हशी, टमकन पडलेली बादली, कोंबड्या, सगळं ऐकू यायचं. नंतर बोलणं कमी झालं. एकदा म्हणाल्या, "मला बी लई शांत झोप लागते हल्ली. लेक कुशीत असली की किती बरं वाटतं." त्या दिवशी मागे कसलाच आवाज नव्हता. म्हशी चरायला गेल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून निघालो.

कोल्हारला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. घर उघडं होतं आणि सासूबाई चुलीपाशी होत्या. दिपी कुठाय, विचारलं. "पुलावर गेलीय, वाऱ्याला," त्या म्हणाल्या.

मी पळतच गेलो. कारखाने चालू होते, उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक नगर-मनमाड रस्त्याने चालले होते. दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचे ढीग, स्पीकरवर गाणी. दिपाली पुलाच्या कठड्याशी नदीकडे पाठ करून उभी होती. एक मालट्रक तिच्या अगदी जवळून गेला. रस्त्यावरचं पाचट उडालं, माझ्या डोळ्यांत धूळ गेली, लांब उभ्या असलेल्या एका बाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. दिपालीच्या साडीची एक निरीसुद्धा हलली नाही.

मी जवळ गेलो. "चल घरी. आपल्या घरी. नगरला."

"आलात?" ती म्हणाली. आवाजात माया होती. तीच होती ती, दुसरी कुणी नाही, हे मला सांगायलाच हवं. तिने हात पुढे केला आणि मी तो धरला.

उन्हाळ्याचे दिवस असून हात गार नव्हता की गरम नव्हता. मी तिला ओढायला गेलो आणि माझ्या शर्टाची बाही फडफडायची थांबली.

मग आवाज थांबले. गाणी, इंजिनं, नदीकाठची माणसं, सगळं. ट्रॅक्टर समोरून जात होता, पण त्याचा आवाज नव्हता. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, नाही वाटली. कित्येक आठवड्यांनी माझ्या छातीतली धडधड बसली. हेच ते, इथंच बरंय, असं मनात आलं. आणि तेव्हा मला दिसलं की पुलावर आम्ही दोघंच उभे नव्हतो.

कठड्याच्या कडेने माणसं होती. फार जवळ. काहींच्या अंगावर जाड लाल कपडे होते, या उन्हात. एक बाई होती, तिच्या कडेवर लहान मूल. एक नऊवारीतली पोर, खांद्यावर केस मोकळे. सगळे एकाच दिशेला तोंड करून, फोटोसाठी थांबावं तसे, श्वास धरून. त्या पोरीने डोळे माझ्याकडे वळवले. फक्त डोळे.

मी हात झटकला.

आवाज कानावर आदळले. एका ट्रॅक्टरवाल्याने मला शिवी घातली, कारण मी रस्त्याच्या मधोमध आलो होतो. वाऱ्याने शर्ट अंगाला चिकटला. कठड्याशी दिपाली एकटीच होती.

"सोडलात?" ती म्हणाली. रागावली नव्हती. "असू दे. सवय व्हायला वेळ लागतो."

मी काय बोललो आठवत नाही. रडत होतो एवढं आठवतं. तिला परत हात लावायचा की पळून जायचं, यातलं काहीच ठरवता येईना. लावला तर मी गेलो, नाही लावला तर ती गेली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिलो आणि नुसतं तिचं नाव घेत राहिलो.

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. घराकडून चालत आल्या होत्या, पुलावर, माझ्या पाठीशी.

"बापू, चला," त्या म्हणाल्या. "च्या झालाय."

सावकाश, निवांत आवाज. लंकाबाईंना इतकं सावकाश बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. त्या माझ्या अंगावरून पुढे गेल्या, लेकीशेजारी कठड्याशी जाऊन थांबल्या आणि तिचा हात हातात घेतला. उसाच्या ट्रॉल्या चालल्याच होत्या, वारा सोसाट्याचा होता.

मी त्यांच्या पदराकडे बघितलं नाही.